लाईट चालू असताना मान बारीक झाली, मास्क सैल झाला: रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचं

जीभ, गाल, घसा किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशन (किरणांचा उपचार), घेणाऱ्या माणसाचं शरीर त्या सहा-सात आठवड्यांत बदलत जातं. गाठ विरघळते, गाल बसतात, मान बारीक होते. लाईटचा प्लॅन मात्र सुरुवातीच्या एका दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनवर, त्या दिवशीच्या मानेवर केलेला असतो. या दोन्हींतलं अंतर कसं ओळखायचं, कधी कुणाला सांगायचं आणि ते कमी राहावं म्हणून घरात काय करायचं, ते मला इथे सांगायचं आहे.

मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. कुठे किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो डोस नेमका तिथे पोचावा आणि शेजारच्या अवयवांना कमीत कमी लागावा असा प्लॅन करणं, आणि मशीन ठरल्याप्रमाणेच देतंय ना हे तपासणं, हे माझं काम. रुग्ण मला फारसे भेटत नाहीत, पण त्यांची मान स्क्रीनवर सतत समोर असते. गाल बसायला लागले की आम्हाला ते फोटोत दिसतं. पण फोटोत दिसायच्या आधी घरातल्या माणसाला ते ताटावर कळलेलं असतं. म्हणून हे सगळं मुख्यतः घरच्यांसाठी लिहिते आहे.

पहिल्या दिवसाचं माप

सीटी सिम्युलेशनच्या, म्हणजे प्लॅनसाठी मास्क आणि सीटी करायच्या, दिवशी जे केलं जातं त्याच्यावर पुढचे सगळे दिवस चालतात. प्लॅस्टिकची एक जाळीदार शीट साधारण ७० अंशांच्या गरम पाण्यात टाकतात, ती भिजल्या पापडासारखी लिबलिबीत होते. मग तोंडावरून, मानेवरून आणि बहुतेक वेळा खांद्यांपर्यंत ताणून ती टेबलाला पक्की करतात. काही मिनिटांत ती कडक होते. हाच तुमचा मास्क. तो घालूनच सीटी होतो आणि रोज तोच मास्क लागतो.

त्या दिवशी जसे असाल तसेच शेवटपर्यंत यायचं. बायकांनी अंबाडा घालून सिम्युलेशनला येऊ नये. अंबाडा डोक्याखाली आला की हनुवटी वर-खाली होते, आणि दुसऱ्या दिवशी तो जरा वेगळा बांधला गेला तर मान वेगळी बसते. केस मोकळे सोडा किंवा वेणी बाजूला घ्या, आणि रोज तसंच करा. दाढी वाढवायची की काढायची हे सिम्युलेशनच्या आधी ठरवा. दाट दाढी ठेवून मास्क केला आणि मग ती काढली, तर मास्क लगेच सैल होतो. लाईट सुरू झाल्यावर वस्तरा तर लावूच नका, त्वचा आधीच नाजूक झालेली असते. कवळी, नथ, कानातलं, मंगळसूत्र काढावं लागतं. आमच्याकडे माळकरी पुष्कळ येतात. तुळशीची माळ गळ्यातून काढायची वेळ आली की त्यांचा जीव घुटमळतो. काही जण तेवढ्या वेळापुरती ती मनगटाला बांधतात, त्याला आमची काहीच हरकत नसते.

दात काढायचे असतील तर सिम्युलेशनच्या पुरेसे आधी काढून घ्या. जखम भरायला दोनेक आठवडे लागतात, आणि सुजलेल्या गालावर मास्क केला तर सूज उतरल्यावर तो बसत नाही. ऑपरेशन झालेल्यांनाही हे लागू आहे. आपल्या भागात गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर जास्त, त्यामुळे छातीचा मांसल भाग वर फिरवून गालाला जोडलेले रुग्ण नेहमीचे. त्या जागेची सूज लाईट चालू असतानाही उतरत राहते. तेव्हा वजन बिलकुल घटलेलं नसलं तरी मास्क ढिला होऊ शकतो.

डोस का बदलतो

ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे ३० वेळांत, आणि ऑपरेशन न करता लाईटवरच उपचार असतील तर ७० ग्रे ३५ वेळांत, असा नेहमीचा हिशेब असतो. ग्रे हे डोस मोजायचं माप. रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार. ज्या भागाला डोस द्यायचा त्याच्याभोवती आम्ही ३ ते ५ मिलिमीटर जागा जास्तीची धरतो. रोजच्या झोपण्यात जो थोडाफार फरक पडतो तो या जागेत सामावतो. मान सेंटीमीटरभर बारीक झाली तर सामावत नाही.

तेव्हा तीन गोष्टी घडतात. पहिली, किरणांना वाटेत कमी मांस लागतं. आपल्याकडच्या नेहमीच्या ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) ताकदीच्या किरणांचा जोर शरीरातून जाताना दर सेंटीमीटरला ३ ते ४ टक्के कमी होतो. वाटेतलं एक सेंटीमीटर मांस गेलं, की त्या बाजूने आत पोचणारा डोस तेवढा वाढतो. दुसरी, कातडी आत सरकते. प्लॅनमध्ये जिथे मांस होतं तिथे आता हवा असते आणि कातडी जास्त डोसच्या पट्ट्यात येते. मानेची कातडी अपेक्षेपेक्षा लवकर काळी पडली, सोलली, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

तिसरी गोष्ट लाळेच्या ग्रंथींची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. कानाच्या पुढे आणि खाली दोन्ही बाजूंना एकेक मोठी ग्रंथी असते. जेवताना सुटणारी बरीचशी लाळ तीच देते. तिला मिळणारा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत राहिला तर पुढे लाळ परत येण्याची आशा चांगली असते. म्हणून प्लॅन करताना आम्ही तिच्या कडेशी डोस झपाट्याने उतरवतो. लाईट सुरू झाली की ही ग्रंथी आक्रसते आणि आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी जास्त डोसकडे, सरकते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात १४ रुग्णांचे आठवड्यातून तीनदा सीटी काढून हे मोजलं गेलं आणि २००४ साली प्रसिद्ध झालं. उपचार संपेपर्यंत ग्रंथी साधारण ३ मिलिमीटर आत सरकल्या होत्या, आणि ज्यांचं वजन जास्त घटलं त्यांच्यात हे सरकणंही जास्त होतं. गाठी तर उपचाराच्या दर दिवशी मूळ आकाराच्या जवळपास २ टक्क्यांनी लहान होत होत्या.

३ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. ज्याला वर्षभरानंतरही भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबरच गिळावा लागतो, त्याला विचारा.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूबद्दल घरचे घाबरून विचारतात. तिथे आम्ही ४५ ग्रेची मर्यादा पाळतो आणि भोवती सुरक्षिततेची जागा ठेवतो, त्यामुळे थोड्या बदलाने तिथे धोका होत नाही. पण मास्कमध्ये हनुवटी हलायला लागली तर तो हिशेब पुन्हा तपासावाच लागतो. मशीनवर झोपल्यावर सीटीसारखा फोटो काढून टेबल पुढे-मागे सरकवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. अख्खं शरीर सरकलं असेल तर टेबल सरकवून ते जागेवर आणता येतं. पण हनुवटी उचलली गेली, खांदा चढला किंवा मानेचा आकारच बदलला, तर टेबल सरकवून ते दुरुस्त होत नाही.

मास्ककडे लक्ष कसं ठेवायचं

लाईट घेऊन रुग्ण बाहेर आला की त्याचं कपाळ आणि गाल बघा. नीट बसलेल्या मास्कच्या जाळीचे ठसे चेहऱ्यावर उमटलेले असतात आणि थोड्या वेळाने जातात. पहिल्या आठवड्यात गालावर ठळक दिसणारे ठसे पुढे दिसेनासे झाले, तर त्या दिवशीच टेक्नॉलॉजिस्टना, म्हणजे मशीनवर लाईट देणाऱ्यांना, सांगा. रुग्णाला विचारा: मास्कमध्ये हनुवटी हलवता येते का? बोलायला जागा होते का? मान वळते का? यांतल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर सांगायला हवं.

इथे एक अडचण मी वारंवार बघते. मास्क पहिल्या दिवसांत इतका घट्ट असतो की जीव घाबरतो. तो सैल झाला की रुग्णाला बरं वाटतं, आणि तो गप्प राहतो. काही जणांना वाटतं, सांगितलं तर पुन्हा तो घट्ट मास्क करतील, पुन्हा आठवडाभर हेलपाटे. बार्शीकडचे एक काका असेच गप्प होते. त्यांच्या सुनेने बाहेर सहज म्हटलं, "आता कसं, बाबांना आत झोप लागते." टेक्नॉलॉजिस्टने ते ऐकलं, मास्कखाली हात घालून पाहिलं आणि आम्हाला बोलावलं. त्यांचा नवीन सीटी त्याच आठवड्यात झाला. त्या बाईंचं एक वाक्य आमच्या तपासणीइतकंच कामाला आलं.

उलटंही होतं. केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडने चेहरा सुजतो आणि मास्क दाबायला लागतो. दुखतं म्हणून मास्कखाली कापूस किंवा रुमाल सरकवू नका, त्याने डोक्याची जागा बदलते. गळ्याला श्वासाची नळी असेल तर तिच्या प्रकारात किंवा जागेत काही बदल झाला की लाईटच्या आधी सांगा. मास्कला त्या नळीपुरतं भोक पाडलेलं असतं, शिवाय धातूची नळी असेल तर लाईटपुरती ती बदलून प्लॅस्टिकची घालावी लागते.

वजनकाटा

घरात एक वजनकाटा हवाच. आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. रुग्णालयातल्या काट्याशी तुलना करत बसू नका, दोन काट्यांत फरक असतोच. एकाच काट्यावर उतार किती, तेवढं बघायचं.

सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के गेले की डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना सांगायचं. म्हणजे ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो, ६० किलोच्या माणसाचे तीन. १० टक्क्यांपर्यंत वाट बघू नका. तिथवर पोचलेल्या रुग्णाचा प्लॅन बदलण्याची वेळ बहुधा येऊन गेलेली असते, आणि अंगात केमो झेपण्याची ताकदही उरत नाही.

पहिला आठवडा बरा जातो, त्यामुळे घरचे निश्चिंत होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलायला लागतं, चव जाते, लाळ चिकट होते, आणि मग जेवण एकदम अर्ध्यावर येतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात, तोंड चांगलं असताना, भरपूर खाऊ घाला. साधारण हिशेब असा: दर किलो वजनामागे ३० कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या माणसाला १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही साधारण तेवढीच. नुसत्या पेजेवर आणि नारळपाण्यावर ठेवलेला माणूस घरच्यांना "खातोय" असा वाटतो, पण काटा उतरत राहतो.

आमच्याकडचं जेवण तिखट, ज्वारीच्या भाकरीचं. शेंगाची चटणी आणि ठेचा या काळात बंद. पण भाकरी सोडायची गरज नाही, ती गरम दुधात चांगली भिजवून, कुस्करून, मिक्सरमधून काढून द्या. शेंगदाण्याचं बारीक कूट कढणात मिसळा. मुगाच्या खिचडीत, शिऱ्यात, नाचणीच्या सत्त्वात तूप सढळ हाताने घाला, चहाच्या चमचाभर तुपातून ४५ कॅलरी जातात. मधुमेह असेल तर साखर-गुळाचं डॉक्टरांना विचारून करा. तीन वेळा ताट वाढण्याऐवजी दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या. दुखरं तोंड बधिर करणारं किंवा वेदना कमी करणारं औषध दिलेलं असेल तर ते जेवणाच्या आधी घ्यायचं, म्हणजे घास जातो. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून ठेवा आणि दिवसभर चुळा भरा. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन चाळिशीच्या पुढे असतं. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने रोज येणारा रुग्ण पाणी कमी पितो आणि दोन दिवसांत सुकतो. लघवी गडद पिवळी दिसली तर त्याच दिवशी सलाईनचं विचारा.

उपवास नको. एकादशी असो, श्रावण असो वा रमजान, या सात आठवड्यांत नको. आणि तंबाखू, मिश्री दोन्ही बंद. मिश्री हा "दात घासण्याचा" भाग आहे असं आजही अनेक आजी सांगतात. तो तंबाखूच आहे.

नाकातल्या नळीबद्दल स्पष्ट सांगते. नळी लावा म्हटलं की घरातले रडायला लागतात, जणू आता शेवट आला. तसं अजिबात नाही. वजन धरून ठेवायला, मास्क बसता ठेवायला आणि उपचार न थांबता पुरे करायला ती लावतात, आणि तोंड बरं झालं की काढतात. नळीतून द्यायचं अन्न गाळून घ्या, दर दोन-अडीच तासांनी २०० ते २५० मिली द्या, रुग्णाला बसवून द्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. प्रत्येक वेळी शेवटी थोडं पाणी सोडून नळी स्वच्छ करा. नळी असली तरी दिवसातून अनेकदा घोटभर पाणी तोंडाने गिळायला लावा. गिळण्याचे स्नायू वापरात राहिले नाहीत तर नंतर गिळणं जड जातं. तोंड उघडण्याचे व्यायामही रोज करा, आणि ज्यांचं तोंड गुटख्याने आधीच कमी उघडतं त्यांनी तर चुकवूच नका.

नवीन प्लॅन करू असं सांगितलं तर

याचा अर्थ उपचार फसले असा नाही. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हा निर्णय होतो. नवीन मास्क, नवीन सीटी, मग डॉक्टर पुन्हा सगळे अवयव आखतात, आम्ही प्लॅन करतो आणि मशीनवर तपासतो. याला काही दिवस लागतात. तोवर बहुधा जुन्या प्लॅनवर लाईट चालू ठेवतात. म्हणून "नवीन होईपर्यंत घरी जाऊन येतो" असं स्वतःच ठरवू नका, आधी विचारा. आतापर्यंत मिळालेला डोस हिशेबात धरून उरलेल्या दिवसांचाच प्लॅन होतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर दुसऱ्या प्लॅनिंगचा खर्च कसा बसतो हे आरोग्यमित्रांना (योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसांना) सुरुवातीलाच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: "मानेतली गाठ हाताला लागत नाही, मग आता लाईट कमी करा की." गाठ गेली तरी ती जिथे होती तिथे डोळ्याला आणि सीटीला न दिसणाऱ्या पेशी असू शकतात. म्हणून नवीन प्लॅनमध्येही डॉक्टर ती जागा सोडत नाहीत. जो भाग आता हवेत गेला आहे किंवा हाडावर चढलेला दिसतो, तेवढाच वगळतात. ठरलेला डोस पुरा करायचाच.

मग सगळ्यांचाच प्लॅन दर आठवड्याला नवा का करू नये? फ्रान्समध्ये घशाचा कॅन्सर असलेल्या १३२ रुग्णांवर हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अर्ध्यांचा प्लॅन दर आठवड्याला बदलला, अर्ध्यांचा नाही, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या लाळेत फरक आढळला नाही. माझंही मत तेच आहे: सरसकट नको, ज्याच्या मानेत खरंच मोठा बदल झाला त्याच्यासाठी मात्र एक दिवसही दवडू नये. मोठ्या गाठी, वेगाने घटणारं वजन, ऑपरेशननंतरची सूज, या तिघांवर माझी नजर पहिल्यापासून असते. प्रोटॉन उपचार (नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत) घेणाऱ्यांनी मात्र वारंवार सीटीची तयारी ठेवावी. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात आता ते मिळतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो, त्यामुळे वाटेतलं मांस कमी झालं की तो पुढे जाऊन थांबतो.

खाडा

सुट्टी घेऊ नका. लाईटचा कालावधी एका दिवसाने लांबला तर कॅन्सर आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असा जगभरचा अनुभव आहे. सुमारे चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जोमाने वाढायला लागतात, आणि नेमका तेव्हाच रुग्ण थकलेला असतो. आषाढीच्या आधी वारीसाठी आठ दिवस मागणारे दरवर्षी असतात. मी त्यांना हात जोडून सांगते, पुढच्या वर्षी चालत जा. मशीन बंद पडलं किंवा आजारपणाने दिवस बुडालाच, तर तो कसा भरून काढणार ते विचारा. शनिवारी बोलावता येतं, किंवा एकाच दिवशी निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा देता येते.

शेवटची लाईट झाली म्हणजे त्रास संपला असं धरू नका. पुढचे दोनेक आठवडे तोंड आणि कातडी तशीच राहतात, कधी थोडी वाढतातही, आणि घरी गेल्यावर वजन घटण्याचा धोका तेव्हाच असतो. कॅलेंडरवरचं वजन लिहिणं, चुळा आणि तोंडाचे व्यायाम चालू ठेवा. नाकातली नळी स्वतःच्या मनाने काढू नका. तोंडाने पुरेसं खाऊन वजन काही दिवस टिकतंय हे आहारतज्ज्ञांनी बघितल्यावरच ती काढायची.